सुकट कोणाच्या ताटात?



या सदरात आपण बहुतेक वेळा बियाणे, खते, जनावरे आणि पाणी यांविषयी बोलतो. आज जरा चुलीजवळ बसू. विषय आहे कोळंबीचा. "साहेब, आमच्या माळरानावर कोळंबी कुठली?" असे कोणी म्हणेल. तर समुद्र घाटाखाली कितीही लांब असला, तरी कोळंबी दर बाजारच्या दिवशी आपल्या गावात येते. आपण तिला दुसऱ्या नावाने ओळखतो एवढेच. ते नाव म्हणजे सुकट.

माळकरी आणि शाकाहारी घरांनी रागावू नये. त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात मोड आलेल्या कडधान्यांविषयी लिहिणार आहे. मात्र आजच्या लेखाचा शेवट त्यांनीही वाचावा, कारण तो सर्व घरांना लागू आहे.

गेल्या हिवाळ्यात माणदेशातल्या एका गावी महिला बचत गटाची बैठक होती. अंगणवाडीच्या ओसरीवर तीसेक बायका जमल्या होत्या. मला 'सकस आहार' या विषयावर बोलायचे होते. मी नेहमीप्रमाणे सांगितले, रोज दूध घ्या, अंडी खा, डाळ खा, पालेभाजी खा. सारे बरोबरच होते. इतक्यात मागच्या बाजूने चाळिशीच्या एक बाई म्हणाल्या,

"साहेब, दूध डेअरीला जातंय. अंडी बाजारात जात्यात. डाळ शिजवली तर आधी गडी जेवत्यात, मग पोरं, मग सासूबाई. माझ्या वाटणीला कढण. आता सांगा, मी सकस काय खाऊ?"

बाकीच्या बायका हसल्या. पण मला उत्तर सुचले नाही. नोकरीची तीस वर्षे होत आली, गावोगाव हाच आहाराचा पाढा म्हटला, पण ताटात तो कोणाच्या वाट्याला येतो हे मी कधी विचारले नव्हते. वेळ मारून नेण्यासाठी मी उलट विचारले, "बाजारातून काय काय आणता?"

"तेल, साखर, चहापत्ती. अन् सुकट. पण सुकटीचं काय सांगायचं साहेब? ते गरिबाचं खाणं."

गरिबाचे खाणे! हे शब्द मला नवे नव्हते. लहानपणी आई शाळेच्या डब्यात भाकरीवर सुकटीची चटणी घालायची. वास येतो म्हणून मी तो डबा शाळेमागच्या बाभळीखाली एकटा बसून खायचो. पुढे १९९० च्या सुमारास दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. करायला गेलो, तेव्हा माझी ही लाज गेली. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुले हर्णै बंदरावर जायचो. होड्यांतली मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर यायची आणि वाळूतच लिलाव व्हायचा. तिथे एका कोळीण मावशीने मला सुकी मासळी कशी ओळखावी ते शिकवले. त्या म्हणाल्या, "तुम्हा घाटावरच्यांना सुकट खायची माहीत, घ्यायची माहीत नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणूनच आज सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ सोडवू. समुद्रात कोळंबीच्या पुष्कळ जाती आहेत. बोटाएवढ्या मोठ्या कोळंबीला सोलून वाळवले की तिचे सोडे होतात. हे महाग असतात. त्याहून लहान ती करंदी. आणि सर्वांत बारीक, इंच-दीड इंचाचा, तो जवळा. आपल्याकडे बाजारात सुकट म्हणून जे मिळते ते बहुतेक वाळवलेला जवळा, नाही तर बारीक करंदी असते. पालघरपासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर जवळा मुख्यतः डोल जाळ्यात सापडतो. हे जाळे म्हणजे एक लांबलचक पिशवी. तिचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर उघडे ठेवून ती समुद्रात बांधून ठेवतात आणि प्रवाहाबरोबर जवळा, बोंबील आत येतात. बोंबील वलांडीवर टांगून वाळवतात, तर जवळा जमिनीवर किंवा जाळ्यावर पसरून. त्यामुळेच त्यात वाळू येते. वाळूचे काय करायचे ते पुढे सांगतो.

आता तिच्यात आहे काय ते पाहू. ताज्या कोळंबीच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते. तरीही शंभर ग्रॅम ताज्या कोळंबीत १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी जेमतेम एक-दीड ग्रॅम. वाळवल्यावर पाणी उडून जाते आणि प्रथिने राहतात. म्हणून चांगल्या सुक्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा प्रथिनांचा असतो. पंचवीस ग्रॅम सुकट, म्हणजे साधारण दोन मुठी, माणसाच्या पोटात गेली तर जवळपास दोन अंड्यांइतकी प्रथिने मिळतात.

दुसरी गोष्ट चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. मोठी कोळंबी आपण सोलून खातो, पण जवळा सालासकट खातो. कोळंबीचा चुना असतो सालात. त्यामुळे वजनाला वजन धरले तर सुक्या जवळ्यात दुधापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम असते. घरचे दूध डेअरीला जात असेल तर ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. तिसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. रक्ताला आणि नसांना ते लागते. धान्य, डाळी, भाजीपाला यांत ते नसते. दूध, अंडी, मांस आणि मासळी यांतूनच ते मिळते आणि सुकटीत ते आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सुकट म्हणजे रक्तवाढीचे औषध नव्हे. ज्या बहिणींना अशक्तपणासाठी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी सुकट खाल्ली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. गोळी गोळीच्या जागी आणि जेवण जेवणाच्या जागी.

घ्यायची कशी? मावशींची पहिली खूण अशी. सुकट मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. मोकळी झाली तर ती चांगली वाळलेली आहे. गोळा तसाच राहिला तर ओल आहे, ती घेऊ नका. दुसरी खूण रंगाची. रंग फिकट गुलाबी किंवा सोनेरी हवा. काळपट, हिरवट, बुरशीचे ठिपके पडलेली नको. तिसरी खूण वासाची. सुकटीला समुद्राचा वास येणारच, पण नाकात चढणारा, मुतारीसारखा उग्र वास आला तर माल खराब झाला आहे. कुबट वासाचीही नको. ढिगाखाली हात घालून पाहा. वरची चांगली आणि तळाशी चुरा व वाळू, असा प्रकार असतो. किलोचा भाव ऐकून दचकू नका. पाच माणसांच्या एका वेळच्या कालवणाला शंभर ग्रॅम पुरते.

घरी आणल्यावर सुकट सुपात घेऊन निवडा. काड्या, शिंपल्यांचे तुकडे, खडे बाजूला करा. करंदी असेल तर डोके आणि शेपूट मोडून टाका, कारण डोक्यावरचा काटा लहान मुलांच्या घशाला टोचतो. मग पाखडा. निवडून निघालेली डोकी आणि चुरा कोंबड्यांपुढे टाकायला हरकत नाही, मात्र सुकट खारवलेली असेल तर टाकू नका. जास्त मीठ कोंबड्यांना बाधते.

त्यानंतर धुणे. सुकट मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात टाका, हाताने ढवळा आणि वरची सुकट उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्या. पाण्यासकट ओतू नका, नाही तर तळाची वाळू पुन्हा बरोबर येते. तांदूळ रोळतो तसेच हे काम आहे. पाणी तळाशी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा करा. फार वेळ भिजत मात्र ठेवू नका, चव पाण्यात जाते. ज्या घरात सुकट कचकच लागते म्हणून मुले ताट सरकवतात, त्या घरात दोष सुकटीचा नसतो, या एका कामाच्या कंटाळ्याचा असतो.

आता दोन प्रकार सांगतो. दोन्ही आपल्याच घरातले आहेत, फक्त प्रमाण नीट लिहितो.

पहिले, सुकट-वांगे. पाच माणसांसाठी शंभर ग्रॅम सुकट, अर्धा किलो वांगी, दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, तीन चमचे तेल आणि चार आमसुले किंवा सुपारीएवढी चिंच. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकून ठेवा. तेलात ठेचलेला लसूण आणि कांदा लाल होईपर्यंत परता. मसाला घाला, फोडी घाला, वर झाकणीत पाणी ठेवून वाफ आणा. फोडी अर्ध्या शिजल्या की धुतलेली सुकट घाला आणि अंगापुरते गरम पाणी ओता. आठ-दहा मिनिटांत होते. शेवटी आमसूल आणि कोथिंबीर. मीठ अगदी शेवटी, चाखून घाला, कारण सुकटीला स्वतःचा खारटपणा असतो. तेलाची तर्री आली म्हणजेच कालवण चांगले, हा समज सोडा. वांग्याऐवजी शेवग्याच्या शेंगा, बटाटा किंवा हिवाळ्यात वालाच्या शेंगाही चालतात.

दुसरा प्रकार सुकटीची पूड. लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ही फार उपयोगी आहे. सुकट धुऊन दोन दिवस कडक उन्हात, वर पातळ फडके टाकून वाळवा. मग तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाजा. तितकेच भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ, थोडे सुके खोबरे, लसूण आणि घरातल्या सर्वांना सोसेल एवढे तिखट घालून कुटा किंवा मिक्सरमधून काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पंधरा दिवसांत संपवा. पिठल्यात, आमटीत दोन चमचे घाला, नाही तर भाकरीबरोबर कोरडी खा. दात नसलेल्या आजीलाही खाता येते.

आता ताज्या कोळंबीविषयी थोडेसे. हल्ली तालुक्याच्या गावी बर्फातली कोळंबी मिळते. त्यातली बरीचशी मोठी कोळंबी समुद्रातली नसून तळ्यात वाढवलेली, व्हेनामी जातीची असते. ही जात मूळची अमेरिकेच्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची. आपल्या देशात तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली. घेताना कवच चकचकीत आणि अंग घट्ट आहे का, डोके धडाला पक्के आहे का ते पाहा. डोके लोंबत असेल, अंग लिबलिबीत असेल तर घेऊ नका. घरी यायला तास-दोन तास लागणार असतील तर बर्फासकट आणा. सोलून पाठीवर चीर द्या आणि आतला काळा दोरा काढून टाका. हळद-मीठ लावून फोडणीत टाकली की चार-पाच मिनिटांत ती पांढरी-गुलाबी होऊन वळते. वळली की झाली. मटणासारखी तासभर शिजवली तर रबरासारखी होते आणि मग लोक म्हणतात, कोळंबी चिवट निघाली. सोललेली डोकी-साले फेकू नका. दोन पेले पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळलेले पाणी रश्शात घाला, चव दुप्पट होते.

खबरदारीच्या चार गोष्टी वाचून सोडून देऊ नका.

पहिली. काही माणसांना कोळंबीचे वावडे असते. माझ्या धाकट्या भावाने लहानपणी एका लग्नात सोड्याचा भात खाल्ला आणि घटकाभरात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. घरातले म्हणाले दृष्ट लागली, मीठ-मोहरी उतरवा. शेजारच्या मास्तरांनी ऐकले नाही, सायकलवर घालून त्याला दवाखान्यात नेले, म्हणून तो वाचला. शिजवल्याने हे वावडे जात नाही आणि ताजी असो की सुकी, त्रास सारखाच. लहान मुलाला प्रथम देताना चिमूटभरच द्या आणि लक्ष ठेवा. ओठ सुजले, धाप लागली तर उतारे-टोटके न करता ताबडतोब दवाखाना गाठा.

दुसरी. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेली सुकट टाळावी, बिनमिठाची मागून घ्यावी. संधिवाताचा यूरिक ॲसिडचा प्रकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावी. कोळंबीत कोलेस्टेरॉल असते हे खरे, पण तिची स्वतःची चरबी फार थोडी. निरोगी माणसाने आठवड्यातून एक-दोनदा खायला भिऊ नये. हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरी. 'गरोदर बाईला सुकट उष्ण पडते' असे ऐकतो. वावडे नसेल, माल चांगला असेल आणि नीट शिजवला असेल तर गरोदर बाईला कोळंबी किंवा सुकट खायला हरकत नाही. उलट त्या दिवसांत प्रथिनांची गरज वाढलेली असते.

चौथी गोष्ट माझ्या खात्याची, म्हणून जास्त जोर देऊन सांगतो. सुकट साठवायला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा घट्ट डबा लागतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, तो कितीही धुतला असला तरी, चुकूनही वापरू नका. सुकटीला कीड लागेल म्हणून तिच्यावर किंवा तिच्याजवळ कसलीही पावडर टाकू नका. पावसाळ्यापूर्वी दोन कडक उन्हे द्या, गार झाल्यावर डब्यात भरा आणि ओला हात घालू नका. एवढे केले तर कीड लागत नाही. बुरशी धरलीच तर झटकून, धुऊन खाऊ नका. टाकून द्या.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्याचे उत्तर मला ओसरीवर देता आले नव्हते. त्या दिवशी मी त्या बाईंना सुकटीचा हा हिशेब सांगितला. शंभर ग्रॅम सुकट, घरात पाच माणसे, म्हणजे प्रत्येकी वीस ग्रॅम. पण पहिल्या पंगतीला दोन गड्यांनी खालची सुकट आणि फोडी काढून घेतल्या, तर शेवटच्या ताटाला नुसता रस्सा जातो. मग सुकट असो, डाळ असो की अंडी, बाजारातून काय आणले याला अर्थ राहत नाही. दिवसभर खुरपणी करून, वैरण वाहून, पाणी भरून जी बाई शेवटी जेवते, तिच्या अंगात ताकद कुठून येणार? वाढत्या मुलीचेही तेच. मुलगा शेतात राबणार म्हणून त्याला वाढायचे, आणि मुलगी काय घरात बसून असते?

दोन महिन्यांनी त्याच गावी शेततळ्याच्या पाहणीसाठी गेलो, तेव्हा त्या बाई वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, आता कालवण उतरलं की माझी अन् पोरीची वाटी आधी काढून ठेवते, मग गड्यांना वाढते. सासूबाई पहिल्या दिवशी लई बोलल्या."

"मग?" मी विचारले.

"दुसऱ्या बाजारी म्हणाल्या, माझीबी वाटी काढत जा."

बंधूंनो, आजचा लेख तुम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवा. आणि पुढच्या बाजारी सुकट आणाल, तेव्हा जेवायला बसण्यापूर्वी पातेल्यात डोकावून विचारा, "तुझी वाटी काढलीस का?" वावरात दोन वाफ्यांना पाणी कमी पडले तर तुम्ही रात्री उठून दार मोडता. घरातल्या ताटाकडेही तेवढेच लक्ष असू द्या.

कडधान्यांचे पुढच्या आठवड्यात. तोवर मटकी भिजत घालायला विसरू नका.